पाण्याखालचे शिवार

मासा पाण्यात राहतो हे विधान खरे असले तरी अपुरे आहे, कारण प्रत्येक जातीचा मासा पाण्याच्या एका ठराविक थरात वावरतो आणि त्या थराची हद्द तो सहसा ओलांडीत नाही. कटला पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. ज्यांच्या अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशा आहेत आणि पाठीवर व छातीशी कणखर काटे आहेत असे शिंगाळा, घोगरा, शिंगटी यांसारखे मासे तर तळ हेच आपले वतन मानून तेथेच जन्मतात, तेथेच चरतात आणि तेथेच लपतात. वरच्या थरातला मासा धरणाऱ्याला वारा, ऊन आणि पाण्याचा रंग यांची पारख असली म्हणजे त्याचे पुष्कळ भागते. तळाचा मासा धरणाऱ्याला मात्र डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या जमिनीची इत्थंभूत माहिती असावी लागते. ती माहिती माणसाने कशी मिळविली आणि आमच्या भीमाकाठी ती कोणत्या स्वरूपात टिकून आहे, हे सांगण्याचा येथे हेतू आहे.

खोल समुद्रात या माहितीकरिता फार मोठे सायास झालेले आहेत. कोकणचा कोळी खोली वावांत मोजतो. जुन्या जहाजांवर दोरीच्या टोकाच्या शिशाच्या वजनाला बुडाशी चरबी माखीत आणि ते वजन तळाला टेकवून वर ओढीत. खोली तर कळेच, शिवाय तळची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चरबीला चिकटून येई आणि खालच्या जमिनीचा दाखला हाती पडे. १९२१-२२ साली मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ नावाची वाफेवर चालणारी ट्रॉलर लावून आपल्या किनाऱ्यापुढील समुद्रतळाची चाचणी घेतली. पुढे १९४६ साली केंद्र सरकारने मुंबईतच ‘डीप सी फिशिंग स्टेशन’ स्थापन केले आणि त्यातूनच आजची भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण ही संस्था वाढली. आता तर मध्यम बोटीवरही प्रतिध्वनीने खोली सांगणारे यंत्र असते. ध्वनी पाण्यातून सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. तो तळावर आदळून परत यावयास किती अवधी लागला यावरून तळाची चढउतार पडद्यावर उमटत जाते. तरीही समुद्राचा तळ कोणी पाऊलवाटेने तुडविलेला नाही. त्याच्याविषयीचे सर्व ज्ञान वरून, दोरीने किंवा ध्वनीने, अप्रत्यक्षपणे मिळविलेले आहे.

समुद्रापासून दीडशे किलोमीटरांच्या अंतरावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांत तळाची मासेमारी चालते हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. परंतु हा मुलूख नद्यांचा आहे. कुकडीला पोटात घेऊन घोड नदी शिरूरच्या कुशीतून वाहते, आणि त्या गावाला घोडनदी हे दुसरे नाव तिच्यावरूनच मिळाले आहे. पुण्याचे सारे पाणी घेऊन आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि पुढे दौंडच्या आसपास घोडही भीमेत विलीन होते. धरणे होण्यापूर्वी या नद्या उन्हाळ्यात तुटत, पात्रात ठिकठिकाणी डोह तेवढे उरत आणि नदीतील सर्व मोठा मासा त्या डोहांच्या तळाशी जमा होई. कुकडीकाठी, शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पलीकडचे निघोज यांच्या दरम्यान, वाहत्या पाण्याने गरगर फिरविलेल्या गोट्यांनी काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेले जे प्रचंड रांजणखळगे आहेत, ते पाहिले म्हणजे या नद्यांचा मूळ तळ किती कठीण, किती खोलगट आणि माशाला आश्रय देणारा होता याची कल्पना येते.

या तळाच्या माशांची शास्त्रीय नोंद फार जुनी आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२४ सालापासून दख्खनमध्ये सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमला गेला आणि त्या कामाबरोबर त्याने भीमा, मुळा-मुठा, घोड या नद्यांतील मासे मिळवून त्यांची वर्णने लिहिली. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने ती १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केली. त्याने आपल्या अनेक माशांना येथल्या भोयांच्या तोंडची नावेच दिली, आणि म्हणून ‘सीनघाला’, ‘गोग्रा’, ‘खुद्री’ ही जातिनामे जगभरच्या ग्रंथांत आजही चालतात. कोळी-भोयांच्या ज्ञानाला शास्त्राच्या दप्तरात इतक्या सरळपणे जागा मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि त्याबद्दल मला साइक्सविषयी आदर वाटतो.

साइक्स नद्यांतील मासे नोंदीत होता त्यानंतर लवकरच शेजारच्या इंदापूर तालुक्यात दुसरे एक मोठे काम सुरू झाले. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी तेथे जमिनीची मोजणी व प्रतबंदी करून नव्या धाऱ्याची बसवणूक केली. मुंबई इलाख्याच्या महसुली पाहणीचा आरंभ तो हाच. शेतांना नंबर पडले, बांधांवर दगड रोवले गेले, गावोगावचे नकाशे तयार झाले. या मोजलेल्या मुलखापैकी भीमाकाठची फार मोठी जमीन आज पाण्याखाली आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेला अडविले आणि पाणी मागे मागे सरकत इंदापूर, करमाळा, कर्जत ओलांडून दौंड तालुक्यातील राजेगाव, खानोटा या गावांपर्यंत येऊन ठेपले. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यांपैकी जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा आहे. म्हणजे साठ्याचा निम्म्याहून अधिक भाग असा, की जो कालव्यांनी घेता येत नाही आणि भर दुष्काळातही बहुतांशी तळावर पसरलेला राहतो. या पाण्याखाली गावठाणे आहेत, विहिरी आहेत, देवळे आहेत, गाडीवाटा आहेत. पाणी फारच ओसरले तर पळसदेवचे प्राचीन शिवमंदिर शिखरासह वर येते. समुद्रतळाला सर्व्हे नंबर नसतो, उजनीच्या तळाला तो आहे. आणि तळाची मासेमारी म्हणून जी काही विद्या आहे तिचे येथील स्वरूप त्यामुळेच अन्यत्र कोठे सापडणार नाही असे झाले आहे.

फाल्गुनातील एखादा दिवस घ्यावा. पाणी काठापासून बरेच आत गेलेले असते, उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत कोणी कलिंगडे, कोणी मका लावलेला असतो, आणि उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे मान बुडवून चरत असतात. जाळी आदल्या संध्याकाळी टाकलेली असतात. म्हणून नावाडी तांबडे फुटण्यापूर्वीच निघतो. होडी बहुधा पत्र्याची किंवा फायबरची, दोन माणसांपुरती. पुष्कळ कुटुंबांत नवरा-बायको मिळूनच हा व्यवसाय करतात. ती वल्ही धरते, तो जाळे ओढतो, आणि होडी कोठे, किती तिरकी उभी करावयाची याविषयी दोघांत क्वचितच बोलणे होते.

तळाचे जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. वरच्या दोरीला हलके तरंगते तुकडे आणि खालच्या दोरीला शिशाचे मणी असतात. मात्र येथे शिशाचे वजन तरंगत्या तुकड्यांच्या उचलीपेक्षा मुद्दाम अधिक ठेवतात, म्हणजे जाळे तळाला बसते आणि त्याची वरची कड तळापासून माणसाच्या उंचीइतकीच वर राहते. दोन्ही टोकांना लांब दोऱ्या बांधून त्यांवर रिकामे प्लास्टिकचे डबे खुणेसाठी सोडलेले असतात. तंगुसाचा धागा अंधारात माशाला दिसत नाही. डोके आसात शिरते, कल्ल्याचे झाकण अडकते, आणि मग पुढेही जाता येत नाही व मागेही येता येत नाही. शिंगाळ्याची गत आणखी वेगळी. त्याचे काटेच धाग्यात गुंततात आणि तो जितका धडपडतो तितका अधिक गुरफटला जातो. ज्याला जाळ्यापेक्षा गळावर भरवसा वाटतो तो एका लांब दोरीला ठराविक अंतरावर आखूड दोऱ्या बांधून प्रत्येकीला गळ लावतो, गांडूळ किंवा लहान मासळी टोचतो आणि ती सारी माळ तळावर आडवी घालून ठेवतो.

जाळे कोठे टाकावयाचे हाच खरा प्रश्न. “मामा, एवढ्या पाण्यात नेमकं इथंच का टाकलंत?” असे विचारले, तर लहानपणी या पाण्याखालच्या जमिनीवर गुरे राखलेला साठीचा माणूस सहज सांगतो, “हितं आमच्या गावची पांद हुती. दोन्ही अंगाला बांध, मधी खोलगट. शिंगाळा त्या खोलगटीत बसतो. अन् तिकडं नगा जाऊ, तिकडं हीर हाय. थारोळ्याच्या दगडात जाळं अडाकलं की दोरच कापावा लागतो.” पाणी किती, तर चार परस, म्हणजे ढोबळ मानाने चार माणसांच्या उंचीइतके. हे सांगताना त्याने दोरी सोडून पाहिलेली नसते. काठावरच्या देवळाचा कळस आणि त्यामागील विजेचा मनोरा एका रेषेत आले, आणि उजव्या हाताला रेल्वेच्या पुलाचा अमुक खांब अमुक झाडाला लागला, म्हणजे आपण पांदीवर आलो, एवढा त्याचा हिशेब. दोन रेषांच्या छेदाने जागा निश्चित करण्याची ही रीत दर्यावर्दी लोकही वापरतात. भेद इतकाच, की त्यांच्या रेषा ज्या बिंदूत मिळतात तेथे खाली काय आहे हे त्यांनी शिशाने अजमावलेले असते, आणि याने तेथे विटीदांडू खेळलेला असतो.

जुने नदीपात्र ही या सर्व ज्ञानातली मुख्य गोष्ट होय. जलाशय भरला तरी भीमेची मूळ खोल चर त्याच्या तळाशी तशीच राहते, आणि उन्हाळ्यात पाणी आटू लागले म्हणजे तळाचा मासा शिवारातून उतरत त्या चरीत जमा होतो. बाभळीची बुडालेली बने, पडक्या भिंती, विहिरींचे कडे ही दुसरी आश्रयस्थाने. वाम दिवसा अशा फटींत शरीर आत आणि मुस्काट बाहेर ठेवून पडून राहते व रात्री निघते. शिंगाळा तळाच्या मऊ मातीत खळगा करून त्यात अंडी घालतो आणि पिलांची राखण करतो.

तळाशी प्रकाश जवळजवळ नसतो, तेथे हे मासे आपला चरितार्थ कसा चालवितात हेही पाहण्यासारखे आहे. त्यांच्या मिशा स्पर्शाबरोबर चवीचीही इंद्रिये असतात. रुची जाणणाऱ्या पेशींचे पुंजके मिशांवर तर दाट असतातच, पण या कुळातील माशांच्या सबंध त्वचेवरही ते विखुरलेले आढळतात. आंधळ्याने हाताने चाचपीत जावे तसा शिंगाळा मिशांनी गाळ चाचपीत जातो, आणि अळ्या, गोगलगायी, झिंगे किंवा लहान मासे यांची चव लागताच तोंड उघडतो. ऐकण्याची शक्तीही त्यांची मोठी. १८२० साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर याने दाखवून दिले, की रोहू-कटल्याचे आणि मिशाळ माशांचे पोटातील हवेचे पटल, म्हणजे वाताशय, लहान हाडांच्या एका साखळीने थेट कानाशी जोडलेले असते. पाण्यातील कंपन पटलावर पडते आणि तेथून कानात पोहोचते. होडीत वल्हे आपटले तर नावाडी बायकोवरही डोळे वटारतो, त्यामागे ही शरीररचना आहे.

हेच हवेचे पटल खोल समुद्रातील तळाच्या माशाच्या मरणाचे कारण होते. पाण्याची खोली दर दहा मीटरांनी वाढली की दाब एका वातावरणाने वाढतो. नव्वद मीटरांवरून हेकरू किंवा तांबोशी गळाने झपाट्याने वर ओढली, तर तिच्या पटलातील वायू दहापट फुगू पाहतो. या माशांच्या पटलाला बाहेर जाणारी नळी नसल्याने तो सुटत नाही, जठर उलटे होऊन तोंडातून बाहेर येते, डोळे बटबटीत होतात, आणि लहान म्हणून पुन्हा पाण्यात सोडलेला मासाही खाली जाऊ शकत नाही. भीमेच्या चार परसांत दाब पृष्ठभागाच्या दुपटीसही पोहोचत नाही. शिवाय येथील मिशाळ माशांच्या पटलाला अन्ननलिकेशी जोडणारी नळी असते, तीतून ते वायू सोडून देतात. म्हणून जाळ्यातला शिंगाळा होडीत येतो तेव्हा चांगला जिवंत आणि आक्रमक असतो. त्याला सोडविण्याची रीत ठरलेली आहे: ओल्या फडक्याने डोके दाबायचे, अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन्ही काट्यांच्या मागून घालायची, पाठीचा काटा पकडीने बुडाशी मोडायचा आणि मग धागा एकेक करून उकलायचा. हे काटे सांध्यात अडकून ताठ उभे राहतात. त्यांची जखम ठणकते, सुजते, आणि पाण्यात हात असल्याने लवकर भरत नाही. जुन्या मच्छीमाराचे तळहात पाहिले म्हणजे त्याने किती शिंगाळे सोडविले याचा लेखाजोखा तेथे वाचता येतो.

जाळे वर येताना मासळीच्या आधी गाळ येतो, आणि या गाळाची परीक्षा नावाडी नाकाने करतो. तपकिरी, मातकट वासाचा असेल तर जागा चांगली. काळा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा असेल तर तेथे पुन्हा जाळे टाकण्यात अर्थ नाही. याची उपपत्ती अशी: उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड व जड राहते, आणि उष्ण प्रदेशांत तापमानातील थोडासाही फरक या दोन थरांना एकमेकांत मिसळू देत नाही. वरच्या थरातला प्राणवायू खाली उतरत नाही, आणि तळाशी कुजणारे सेंद्रिय द्रव्य तेथला उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते. मग प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो. उजनीच्या तळाला कुजण्यास द्रव्य कोठून मिळते हे सांगावयास नको. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महानगरांचे सांडपाणी मुळा-मुठा आणि इंद्रायणी भीमेच्या स्वाधीन करतात, आणि वाहताना जे वाहून गेले ते थांबल्यावर तळाला बसते. वरचे हिरवे शेवाळी पाणी वर्तमानपत्रांत छापून येते. खालचा काळा गाळ फक्त जाळे ओढणाऱ्याला दिसतो. नगरवासीयांनी या गोष्टीची लाज बाळगावी असे मला मनापासून वाटते.

वाऱ्याने पाणी घुसळले की थर मोडतात आणि तळाला पुन्हा जीव येतो, पण तोच वारा नावाड्याचा काळही असतो. वैशाख-ज्येष्ठात दुपारनंतर वळवाचे वादळ अचानक उठते, आणि आडोसा नसलेल्या या विस्तीर्ण पाण्यावर काही मिनिटांत लाटा उसळतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वादळात उलटून सहा जणांना जलसमाधी मिळाली. म्हणून जाणता मच्छीमार उन्हाळ्यात पहाटेचे काम सकाळीच उरकतो.

जाळ्यात आता काय सापडते? तर चिलापी, चिलापी आणि पुन्हा चिलापी. आफ्रिकेतला हा मासा भारतात १९५२ साली आणला गेला. सायप्रिनस हाही परदेशी. तो गाळ उकरीत चरतो. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज मात्र सोडावे लागते, कारण हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी हीरालाल चौधुरी यांनी ओडिशातील अंगुल येथे पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून तलावातील माशांचे प्रजनन घडवून आणले, त्यानंतरच बोटुकली मुबलक मिळू लागली. अलीकडे दक्षिण अमेरिकेतून शोभेच्या टाक्यांसाठी आलेला सकर मासा तळावर पसरला आहे. त्याचे सर्वांग कठीण तकटांनी मढलेले असून तो जाळ्यात आला की जाळे फाडूनच काढावा लागतो, आणि बाजारात त्याला किंमत नाही. शिंगाळा, घोगरा, वाम हे साइक्सने वर्णिलेले मूळचे रहिवासी अजून मिळतात, पण होडीच्या कोपऱ्यात वेगळे ठेवण्याइतकेच.

त्यांच्या ऱ्हासाचे एक कारण जलाशयाच्या वरच्या अंगास, शिरूर-दौंडच्या नदीपात्रांत आहे. वाळू हा नदीच्या तळाचा जिवंत थर होय. तिच्यात पाणी खेळते, अंड्यांना आणि पिलांना आसरा मिळतो. यांत्रिक बोटी बसवून ती शोषून काढण्याचा बेकायदेशीर धंदा भीमा आणि घोड यांच्या पात्रांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. महसूल खाते छापे घालते, पंचनामे करते, जप्त बोटी जिलेटिनने उडवूनही देते, आणि काही काळाने नव्या बोटी पात्रात उतरतात. वाळू गेलेल्या जागी राहतो तो खडक किंवा चिकट गाळ, आणि घोगऱ्याचे पिलू त्यांपैकी कशावरही वाढत नाही.

उन्हे वर येईतो मासळी भिगवणच्या बाजारात पोहोचते. जातवारीने ढीग लागतात, अडत्यासमोर लिलाव पुकारला जातो, आणि चिलापीच्या टोपल्यांपुढे गर्दी असली तरी एखादा हातभर लांब शिंगाळा किंवा वाम आली की गिऱ्हाईकांची बोली लगेच चढते. बोली करणाऱ्याला तो मासा कोणत्या गावाच्या कोणत्या पांदीतून निघाला हे ठाऊक नसते, आणि असण्याचे कारणही नाही. पण ज्यांना ठाऊक आहे अशांची पिढी आता साठीच्या पुढे गेली असून त्यांच्या मुलांनी ते शिवार कोरडे पाहिलेले नाही. दरवर्षीचा गाळ चरी बुजवीत आहे, बांध झाकीत आहे. भूमिअभिलेख खात्याच्या दप्तरात बुडीत गावांचे जुने नकाशे आहेत. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था जलाशयांतील गाळाची मोजणी करते. मच्छीमारांच्या सहकारी संस्थाही आहेत. या तिन्ही ठिकाणची माहिती एका कागदावर आणून, ज्यांनी पांद, विहीर आणि नदीपात्र डोळ्यांनी पाहिले त्यांना होडीत बसवून तो कागद तपासून घेतला, तर जाळी फाटण्याचे नुकसान टळेल, प्रजननाच्या जागा राखून ठेवता येतील आणि शिंगाळ्याच्या विणीच्या काळात कोणत्या गटात जाळे टाकू नये हे सर्व्हे नंबर लिहून सांगता येईल.